शरकाराने मान वर केली नाही



आज एकनाथी भागवताचा नववा अध्याय वाचून झाला. यदुराजाने सातव्या अध्यायात अवधूताला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे पूर्ण होतं. चोवीस गुरूंपैकी शेवटचे सात या अध्यायात आहेत: कुरर पक्षी, लहान मूल, कुमारी, बाण तयार करणारा शरकार, साप, कोळी आणि भिंगुरटी. प्रत्येकावर लिहायचं तर सात दिवस लागतील. मी फक्त शरकारावर थांबणार आहे, कारण या आठवड्यात तो माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

गोष्ट अगदी छोटी. एक कारागीर बसून बाण सरळ करतोय. शेजारून राजाची स्वारी जाते, वाजतगाजत. पण त्याचं लक्ष बाणाच्या टोकावरून हलत नाही. राजा आला कधी, गेला कधी, त्याला पत्ताच नाही. अवधूत म्हणतो, चित्ताची एकाग्रता मी याच्याकडून शिकलो. संपली गोष्ट.

आता मी इथे का अडकलो ते सांगतो. येत्या बुधवारी माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन आहे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात त्याला. दुर्बिणीतून करतात, जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि उरतं ते केळ्याच्या आकाराचं. माझं वजन १२१ किलो, उंची पाच फूट सात इंच, बीएमआय ४२ च्या आसपास. पाच वर्षांपासून शुगर आहे, रात्री झोपेत श्वास अडकतो. ऑपरेशनच का, इंजेक्शनं का नाही, डाएट का नाही, हा आजचा विषय नाही. ते सगळं करून, तीन डॉक्टरांशी बोलून ठरलंय. आजचा विषय आहेत माझे सर्जन.

सर्जन निष्णात आहेत. ज्यांना विचारलं त्या प्रत्येकाने, अगदी दुसऱ्या डॉक्टरांनीसुद्धा, "हाताला यश आहे" असंच सांगितलं. आणि त्याच दमात, "फक्त त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका" असंही सांगितलं. हे दुसरं वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं. आपल्याकडे मोठ्या डॉक्टरांबद्दल लोक असं बोलतातच.

पहिल्या भेटीत त्यांनी फाइल उघडली, माझ्याकडे न बघता आकडे वाचले आणि म्हणाले, "एवढं होईपर्यंत झोपला होतास का?" माझी बायको शेजारी बसली होती. तिच्याकडे वळून, "आणि तुम्ही काय, नुसतं वाढत होता?" ती बिचारी काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात ते पुढच्या रिपोर्टवर गेले होते. सगळं मिळून सात मिनिटं. उठता उठता मी विचारलं, कारण आमच्याकडे आजोबांपासून एकादशी आहे, "डॉक्टर, नंतर एकादशीचा उपवास चालेल का?" ते हसले. म्हणाले, "आजवर खरे उपवास केले असतेस तर इथे आला असतास का?" बाहेर बसलेल्या रिसेप्शनिस्टलाही ऐकू गेलं असावं, कारण तिने पटकन खाली बघितलं.

गाडीत आम्ही दोघं काही बोललो नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासाने बायको म्हणाली, "दुसरीकडे जाऊया का?"

खरं तर दुसरीकडे आम्ही आधीच जाऊन आलो होतो. त्या डॉक्टरांचं बोलणं इतकं गोड की बाहेर येताना बरं वाटलं होतं. पण जिथे जठर शिवतात तिथून गळती होऊ शकते का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्ही काळजीच करू नका हो, आम्ही आहोत ना." परत विचारलं, परत तेच. घरी आल्यावर लक्षात आलं की तासाभरात आपल्याला एकही आकडा मिळालेला नाही. (गळती होते. शंभरात एखाद्या पेशंटला होते, आणि झाली तर प्रकरण गंभीर असतं. हे मला नंतर कळलं, आणि कुणाकडून कळलं ते पुढे येईलच.)

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत वाणीचं तप सांगतात. त्यात बोलण्याच्या चार कसोट्या आहेत: ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं. त्या रात्री मी हे चार शब्द वहीत लिहिले आणि दोन्ही डॉक्टरांपुढे टिकमार्क करत बसलो. इंजिनिअर माणूस, टेबल केल्याशिवाय चैन पडत नाही. गोड डॉक्टरांना पहिली आणि तिसरी मिळाली. कडू डॉक्टरांना दुसरी आणि चौथी. कुणालाच चार नाहीत. माउली या ठिकाणी परिसाचा दाखला देतात: परीस लोखंडाचं सोनं करतो, पण ते करताना लोखंडाला तोडत नाही, त्याचं वजनही घटवत नाही. बोलणं असं असावं. हे वाचलं की कुणालाही वाटेल, माझ्या सर्जनला ज्ञानेश्वरी भेट द्यावी. मलाही वाटलं. ती देणार नाहीये मी, निदान टाके निघेपर्यंत तरी नाही.

पण चारातल्या दोनच मिळणार असतील तर पेशंटने कुठल्या दोन घ्याव्यात? माझं मत स्पष्ट आहे. सत्य आणि हित. गोड बोलणं मला घरी मिळतं, आईकडे मिळतं, मित्रांकडे मिळतं. गळती कशी ओळखायची हे मला आईकडून मिळणार नाही.

इथेच शरकार उपयोगी पडतो. चोवीस गुरूंची अख्खी योजनाच अशी आहे की अवधूत प्रत्येकाकडून नेमकी एकच गोष्ट घेतो. अजगराकडून मिळेल त्यावर समाधान मानणं घेतो, त्याचा आळस घेत नाही. पिंगलेकडून आशा सोडल्यावर मिळणारी शांती घेतो, तिच्या व्यवसायाचा निवाडा करत बसत नाही. शरकाराकडून एकाग्रता घेतली. तो माणूस घरी बायकोशी कसा वागायचा, गिऱ्हाइकाशी कसा बोलायचा, याची चौकशी अवधूताने केल्याचं कुठे आलेलं नाही. गुरू म्हणजे सर्व बाजूंनी परिपूर्ण माणूस हवा, ही अट आपण घालतो, अवधूत घालत नाही. आमच्या कंपनीत एक सीनियर होता. त्याच्या रिव्ह्यू कॉमेंट वाचून नवीन मुलं वॉशरूममध्ये जाऊन रडायची. पण त्याने पास केलेला कोड रात्री दोनला कुणाला उठवायचा नाही. आम्ही त्याच्याकडून कोड शिकलो, बोलणं दुसऱ्यांकडून शिकलो.

आणि एक गंमत लक्षात आली का? ही गोष्ट ऐकताना आपण नकळत राजाच्या जागी जाऊन बसतो. आपण एवढे आलो आणि हा बघतही नाही! पण माझ्या गोष्टीत मी राजा नाहीच. मी त्याच्या हातातला बाण आहे. बुधवारी सकाळी दीडेक तास मी त्याच्यासमोर आडवा असेन, आणि तेव्हा मला हेच हवंय की बाहेरून कुणीही गेलं, राजा गेला, मंत्री गेला, माझी आई रडत गेली, तरी त्याची मान वर होऊ नये.

इथपर्यंत छान जमतं. पण दृष्टांत आहे तेवढाच वापरावा, ताणू नये. शरकाराने राजाला पाहिलं नाही, एवढंच झालं. त्याने राजाला थांबवून "किती जाडा झालायस" असं म्हटलं नाही. एकाग्रतेमुळे न बोलणं वेगळं आणि बोलून घायाळ करणं वेगळं. माझ्या सर्जनच्या टोमण्यांना एकाग्रतेच्या खात्यात टाकणं म्हणजे शरकारावर अन्याय आहे. दुसरं म्हणजे बाणाला प्रश्न नसतात. मला आहेत.

अपमान सोसावा कसा, याचं उत्तर याच एकादश स्कंधात पुढे, तेविसाव्या अध्यायात येतं. अवंती देशातला एक कंजूष ब्राह्मण, सगळं धन जातं, भिक्षू होऊन हिंडतो, आणि लोक त्याला छळछळ छळतात. त्याचा दंड ओढतात, भांडं पळवतात, नाही नाही ते बोलतात. शेवटी तो स्वतःशी म्हणतो की माझ्या दुःखाचं कारण हे लोक नाहीत, देव नाहीत, ग्रह नाहीत, काळ नाही. माझं मनच हे चाक फिरवतंय. भिक्षुगीत म्हणतात याला. फार मोठा विचार आहे.

पण माझा एक आग्रह आहे. भिक्षुगीत स्वतःला सांगायचं असतं, दुसऱ्याला नाही. भिक्षू ते स्वतःशी म्हणतोय. त्याला छळणाऱ्यांपैकी कुणी येऊन "अरे, दुःख तुझ्या मनात आहे" म्हणालं असतं तर तो आणखी एक टोमणा झाला असता. मला या दिवसांत दोन-तीन जणांनी हे सांगितलं. "तू मनाला लावून घेऊ नकोस रे, साधक ना तू?" बरं वाटावं म्हणूनच सांगितलं त्यांनी, पण बरं वाटलं नाही. याउलट भगवंत काय करतात बघा. उद्धव म्हणतो की दुर्जनांचं बोलणं सोसणं विद्वानांनाही अवघड आहे. भगवंत आधी ते मान्य करतात. मर्मात घुसलेला बाणसुद्धा जेवढा सलत नाही तेवढं कठोर बोलणं सलतं, असं ते स्वतः म्हणतात. आणि मग भिक्षूची कथा सांगायला घेतात. आधी "हो, दुखतं," मग औषध. डॉक्टरांनी पेशंटशी कसं बोलावं याचा मला सापडलेला सगळ्यात चांगला नमुना हाच आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करतानाही माउलींनी हाच क्रम लावलाय: माया पुढे चालते, शब्द तिच्या मागून येतात.

हे मी इतकं का ताणतोय? कारण टोमण्यामुळे फक्त मन दुखतं असं नाही, त्याने पेशंट खोटं बोलायला लागतो. हा धोका फार कुणी सांगत नाही. ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी कॅलरीचा, प्रोटीनवर भर असलेला आहार देतात. का? तर यकृतावर चरबी चढून ते मोठं झालेलं असतं आणि नेमकं जठरावर येऊन बसतं. या आहाराने ते लहान होतं, सर्जनला आत जागा मिळते. समजा एखाद्याने पाचव्या दिवशी लग्नात जाऊन जेवण केलं. प्रेमाने विचारणाऱ्याला तो सांगेल. खेकसणाऱ्याला "नाही सर, सगळं पाळलं" म्हणेल. तसंच सिगरेटचं, तसंच गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांचं, घोरण्याचं, कुणीतरी दिलेल्या काढ्याचं. यातलं काहीही लपलं तर भूल देताना किंवा रक्तस्रावाच्या वेळी ते महागात पडतं. म्हणजे सत्य लपवण्याचा मोह पेशंटला होतो आणि त्याची किंमतही पेशंटच मोजतो. डॉक्टरचं बोलणं कडू आहे म्हणून आपलं सत्य सुटलं, तर मग आपल्याकडे चारातली एकही कसोटी उरली नाही.

म्हणून दुसऱ्या भेटीला जाताना मी दोन कागद केले. एकावर माझ्याबद्दलचं सगळं: गुडघ्यासाठी महिन्यातून चार-पाच वेळा घेतो ती वेदनाशामक गोळी, झोपेत श्वास थांबल्याचं बायकोने किती वेळा पाहिलंय ते, आईने आणलेलं चूर्ण, सगळं. तोंडाने सांगायची वेळ आली तर त्या चेहऱ्यासमोर अर्धं गिळलं जाईल, हे मला ठाऊक होतं. कागद गिळत नाही. दुसऱ्यावर अकरा प्रश्न.

जाण्यापूर्वी गाडीत पाच मिनिटं डोळे मिटून बसलो. भिक्षुगीत वगैरे काही आठवलं नाही, नुसतं नाम घेतलं. मनाशी एवढंच ठरवलं की आज उत्तरं घेऊन यायचं. त्यांनी कसं बोलावं हे माझ्या हातात नाही, काय विचारावं हे आहे.

त्यांनी कागद पाहिला. "काय रे, परीक्षा घ्यायला आलायस?"

"हो डॉक्टर. बुधवारी तुम्ही माझी घेणार, म्हणून आज मी."

हसले नाहीत. पण कागद ओढून घेतला आणि एक नंबरपासून सुरू केलं. स्वतः आजवर किती स्लीव्ह केल्या, आकडा. त्यातल्या किती जणांना गळती झाली, आकडा. त्यातल्या एकाला परत उघडावं लागलं आणि तो महिनाभर ॲडमिट होता, हे न विचारता सांगितलं. छातीचे ठोके वाढले, ताप आला, डाव्या खांद्यात दुखायला लागलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच यायचं. हे त्यांनी बायकोकडे बघून दोनदा सांगितलं. प्रिस्क्रिप्शनच्या मागे जठर काढून दाखवलं, वरचा फुगीर भाग कापला जाणार त्यावर रेघा मारल्या. भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून नुसतं पोट लहान होत नाही, भूकही काही काळ कमी होते. त्याच संध्याकाळी उठून चालायचं, पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून. व्हिटॅमिन आणि कॅल्शियम जन्मभर. पंचवीस मिनिटं गेली. मान एकदाही वर नाही.

मध्येच एकदा, "तुम्हा लोकांची जीभ सुटते ना वर्षभराने, मग परत येता रडत," असं झालं. मी म्हणालो, "डॉक्टर, माझ्या वजनावर काय ते बोला. 'तुम्हा लोकांची' नको." शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, आवाज थोडा हललाच. ते दोन सेकंद थांबले. सॉरी वगैरे काही नाही. "प्रश्न आठ," म्हणाले आणि पुढे गेले. पण त्यानंतर उरलेल्या भेटीत तो शब्द परत आला नाही.

प्रश्न अकरा एकादशीचा होता. मुद्दाम ठेवला होता. या वेळी टोमणा नाही, सरळ उत्तर: पहिले तीन महिने कुठलाही उपवास नाही. पुढेही पाणी सोडायचा उपवास कधीच नाही, कारण घोटघोट पाणी दिवसभर पीत राहावं लागतं आणि पाणी कमी पडणं हे परत ॲडमिट व्हावं लागण्याचं एक नेहमीचं कारण आहे. "आणि साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, प्रोटीन कुठाय त्यात?" हे मात्र माझ्या आईला ऐकवायचं धाडस अजून झालेलं नाही.

जिभेबद्दल ते बोलले ते बोलणं टोचणारं होतं, पण अवधूतानेही मासा गुरू केलाय हे खरं आहे. आठव्या अध्यायात तो म्हणतो की अन्न सोडलं की बाकीची इंद्रियं आवरतात, पण जीभ मात्र उपाशीपोटी आणखी चेकाळते. गेले नऊ दिवस प्रोटीन शेक आणि वरणाचं पाणी पिणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. काल रात्री मी मिसळीचे व्हिडिओ बघत होतो. पण माशाचा दाखला देऊन जाड माणसाला हिणवणं मला पटत नाही. माशाची गोष्ट अवधूत स्वतःसाठी सांगतो, शेजारच्याच्या ताटाकडे बोट दाखवून नाही. भुकेमागे संप्रेरकं आहेत, घराण्याची ठेवण आहे, झोप आहे, रात्री अकराचे ऑनशोअर-ऑफशोअर कॉल आहेत. ऑपरेशन यातल्या काहींवर चालतं. जठर कापलं जाईल, जीभ तिथेच राहणार, तिचं काम माझ्याकडे आहे. नवव्या अध्यायाच्या शेवटी इंद्रियांना सवतींची उपमा आहे, एकेक जण नवऱ्याला आपापल्या बाजूला ओढतेय. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, "तुझ्याकडे एकच सवत आहे, पण जबरी आहे."

तिथेच, अध्यायाच्या शेवटाकडे, अवधूत आणखी एक गुरू सांगतो जो चोवीसांच्या यादीत नाही: स्वतःचा देह. हा देह शेवटी आपला राहत नाही, पण दुर्लभ आहे आणि परमार्थाला उपयोगी आहे, म्हणून तो असेपर्यंत त्याच्याकडून शिकून घ्यावं. ही ओळ मी दर वर्षी वाचतो. यंदा पहिल्यांदा त्या देहाला किलोमध्ये आकडा लागला. १२१ किलोचा गुरू. त्याला लाजण्यापेक्षा त्याची सेवा करावी, असं काहीतरी वाटलं.

आणि अवधूत असंही म्हणतो की एकाच गुरूकडून मिळालेलं ज्ञान स्थिर आणि पुरेसं होत नाही. मी हसलो वाचताना. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आहे. अवधूताने तो केव्हाच दिलाय. मला जे सर्जनकडून मिळालं नाही ते त्याच इमारतीत दुसऱ्यांकडून मिळालं. आहारतज्ज्ञ ताईंनी पहिल्या महिन्याचं वेळापत्रक मराठीत लिहून दिलं, ताक कधी, पातळ डाळ कधी, मऊ पनीर कधी. तीर्थ चालेल, प्रसाद कणभर जिभेवर ठेवला तर चालेल, हेही त्यांनीच सांगितलं आणि त्यांना ते विचारणं विचित्र वाटलं नाही. भूलतज्ज्ञ बाईंनी घोरण्याबद्दलचा माझा कागद पूर्ण वाचला आणि "हे लिहून आणलंत ते फार बरं केलंत" म्हणाल्या. आणि बीपी घेणाऱ्या सिस्टर. नेहमीचा पट्टा माझ्या दंडाला बसत नाही, दर ठिकाणी तो फटकन सुटतो आणि सगळे बघतात. त्या सिस्टरनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता खणातून मोठा पट्टा काढून आणला. बस, एवढंच. माया पुढे चालते म्हणजे काय ते मला त्या पट्ट्यात दिसलं. चार कसोट्या एका माणसात सापडल्या नाहीत, चार खोल्यांत मिळून सापडल्या.

तुमच्यापैकी कुणी अशाच एखाद्या डॉक्टरसमोर बसणार असेल तर माझा हिशेब सांगतो, पटला तर घ्या. डॉक्टर तुसडे आहेत पण उत्तर देतात, तर सोसायला हरकत नाही. वहीत उत्तर लिहा, टोमणा लिहू नका. डॉक्टर उत्तरच देत नाहीत, मग ते गोड असोत की कडू, तर फाइल घेऊन उठा. संमतीपत्रावर सही करण्याआधी धोके आणि पर्याय समजून घेणं हा तुमचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलंय. दुखतंय म्हटल्यावर जो हसतो, किंवा जो तुमच्या शरीरावर चव घेऊन बोलतो, त्याच्यासमोर बसून भिक्षू व्हायची गरज नाही. भिक्षूने त्या लोकांच्या हातात सुरी दिली नव्हती. आणि एकटे जाऊ नका. माझ्या बायकोने त्या दिवशी डाव्या खांद्याचं जे लिहून घेतलं ते माझ्या कानावरून गेलं होतं.

मी त्याच सर्जनकडे जातोय. विचार करून जातोय. त्यांचं वाणीचं तप अर्धं आहे असं मला अजूनही वाटतं आणि त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहतात, फार भांडत नाहीत.

उद्यापासून दहावा अध्याय. सोमवारपर्यंत रोजचं चिंतन नेहमीप्रमाणे येईल. मंगळवारी संध्याकाळी ॲडमिट होतोय, त्यामुळे मंगळवार ते शनिवार सुट्टी. मोबाइल बायकोकडे असेल. भूल देताना दहापासून उलटं मोजायला सांगतात म्हणे. भूलतज्ज्ञ बाईंना विचारलं, आकड्यांऐवजी नाम घेतलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "घ्या की, पण मोठ्याने घ्या, मला ऐकू यायला हवं."

राम कृष्ण हरी.